निरोप पोचवणारे

इंग्लंडमधील केंट परगण्यात, डेंज येथील गोट्यांच्या किनाऱ्यावर, काँक्रीटचे तीन प्रचंड कान समुद्राकडे तोंड करून आजही उभे आहेत. (कानांनी तोंड करणे मराठीतच शक्य आहे, पण दुसरे काय म्हणावे?) एक वीस फुटी ताटली, दुसरी तीस फुटी, आणि तिसरी चांगली दोनशे फूट लांबीची वाकवलेली भिंत. १९२८ ते १९३० या काळात ते बांधले. शत्रूची विमाने समुद्रावरून येऊ लागली म्हणजे त्यांची घरघर या ताटल्यांत गोळा व्हायची आणि समोर बसलेल्या माणसाने ती ऐकून वर्दी द्यायची, अशी योजना होती. हवा शांत असली, जवळून एखादे जहाज जात नसले, तर वीसएक मैलांवरचे विमान कळे. पण विमानांचा वेग वर्षागणिक वाढत होता आणि कान होते तेथेच होते. ऐकणाऱ्याने टेलिफोन उचलेपर्यंत विमान डोक्यावर यायचे!

या कानांचे छायाचित्र मी इतिहासाच्या पेपरासाठी वाचताना एका पुस्तकात पाहिले, आणि अभ्यासक्रमात नसलेल्या एका प्रकरणात पुरती अडकले. विज्ञान महाविद्यालयात जाणारा माझा धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, रडार हा तुमचा प्रांत नव्हे. तुम्ही आपले नेपोलियन करा.” त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे. रडारचे यंत्र हा माझा प्रांत नव्हे. पण इंग्लंडने १९३५ ते १९४० या पाच वर्षांत जे उभारले ते नुसते यंत्र नव्हते, आणि उरलेल्या निम्म्याविषयी बोलण्याचा कलाशाखेला पुरेपूर अधिकार आहे, असे मला वाटते.

त्या काळाची भीती आज समजून घेणे थोडे कठीण जाते. १९३२ च्या नोव्हेंबरात स्टॅन्ली बॉल्डविन यांनी पार्लमेंटात सांगून टाकले, की बॉम्बफेकी विमान कसेही करून आत शिरणारच; जगातली कोणतीही शक्ती रस्त्यावरच्या माणसाला त्यापासून वाचवू शकत नाही. जबाबदार नेता असे म्हणतो तेव्हा ते भाकीत राहत नाही, धोरण बनते. मग बचाव करायचा कशाला? आपणही तितकीच बॉम्बफेकी विमाने बांधावीत आणि उलट मारावे, हा त्यावरचा उपाय. १९३४ च्या उन्हाळ्यात हवाई सराव झाला, त्यात निदान निम्मी ‘शत्रूची’ विमाने लक्ष्यापर्यंत बिनबोभाट पोचली. त्याच सुमारास हवाई मंत्रालयातील ए. पी. रोव नावाच्या एका अधिकाऱ्याने हवाई संरक्षणावरच्या फायली काढून पाहिल्या. हजारो फायलींत विषयाच्या त्रेपन्नच निघाल्या. त्या वाचून त्याने वरिष्ठांना लिहिले, की विज्ञानाने काही नवी मदत केली नाही, तर येत्या दहा वर्षांत होणारे युद्ध आपण हरण्याचाच संभव आहे. सरकारी कचेरीत बसून इतके स्पष्ट लिहिणाऱ्या माणसाचे मला फार कौतुक वाटते.

पुढची गोष्ट तर एखाद्या फार्सात शोभावी. त्या काळी ‘मृत्युकिरणां’ची मोठी चर्चा होती. शंभर यार्डांवरून एक मेंढी मारून दाखवणाऱ्याला हजार पौंडांचे बक्षीस मंत्रालयाने लावले होते म्हणतात. मेंढ्या सुखरूप राहिल्या. तरीही शंका नको म्हणून रॉबर्ट वॉटसन-वॉट या रेडिओ-शास्त्रज्ञाला विचारणा झाली. त्याने आपला सहायक आर्नल्ड विल्किन्स याच्यापुढे एक साळसूद गणित टाकले: एक किलोमीटर उंचीवर आठ पाइंट पाणी आहे, त्याचे तापमान ९८ अंशांवरून १०५ अंशांवर न्यायचे आहे, तर किती शक्तीच्या रेडिओलहरी लागतील? विल्किन्स काय समजायचे ते समजला. आठ पाइंट म्हणजे माणसाच्या अंगातले रक्त. गणित करून त्याने सांगितले, की हे अशक्य आहे. मग काय करता येईल, असे वॉटसन-वॉटने विचारले, तेव्हा विल्किन्सला आठवले, की पोस्टखात्याच्या इंजिनिअरांनी एका अहवालात तक्रार केली होती, जवळून विमान गेले की आमच्या रेडिओ-संदेशात फडफड होते. ती फडफड म्हणजेच विमानावर आपटून परत आलेली लहर.

पोस्टखात्याची तक्रार! कोणाच्या तरी कामात आलेला व्यत्यय दुसऱ्या कोणाला तरी आठवला, आणि एका देशाचे नशीब पालटले.

२६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्री येथील बी.बी.सी.च्या लघुलहरी केंद्राजवळ प्रयोग झाला. हेफर्ड जातीचे एक बोजड बॉम्बफेकी विमान वरून फिरत होते, आणि खाली शेतात उभ्या केलेल्या मोटारगाडीतल्या पडद्यावर हिरवा ठिपका लांबत-आखडत होता. आठ मैलांपर्यंत विमान ‘दिसले’. संशोधन खात्याचा प्रमुख ह्यू डाउडिंग याने आधीच अट घातली होती, की कागदावरचे गणित मला नको, डोळ्यांनी दाखवा. दाखवल्यावर त्याने दहा हजार पौंडांसाठी शब्द टाकला. १९३६ च्या जुलैत हाच डाउडिंग लढाऊ विमानांच्या नव्या दलाचा, म्हणजे फायटर कमांडचा, प्रमुख झाला. पत्नी लग्नानंतर दोनच वर्षांत वारलेली, मुलगा स्वतः लढाऊ वैमानिक, आणि स्वभाव असा घुम्या, की हाताखालच्या लोकांनी त्याचे नाव ‘स्टफी’ ठेवले होते.

विमानांची कथा सर्वांना ठाऊक असते, म्हणून थोडक्यात सांगते. हरिकेन १९३५ च्या नोव्हेंबरात प्रथम उडाले, स्पिटफायर १९३६ च्या मार्चमध्ये. १९३७ च्या अखेरीस संरक्षण-समन्वयाचे मंत्री सर टॉमस इन्स्किप यांनी बॉम्बफेक्यांपेक्षा लढाऊ विमानांवर भर देण्याचा आग्रह धरला. त्यांच्या युक्तिवादात शौर्याची भाषा फारशी नव्हती. लढाऊ विमाने स्वस्त पडतात, हे त्यातले वजनदार कारण होते. काटकसरीने इतिहासात इतके चांगले काम क्वचितच केले असेल.

आता खऱ्या विषयाकडे येते. किनाऱ्याकिनाऱ्याने मनोरे उभे राहिले: प्रक्षेपणाचे ३६० फुटी पोलादी, ग्रहणाचे २४० फुटी लाकडी. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झाले तेव्हा अशी वीसएक केंद्रे काम करीत होती. पण हे डोळे कसे होते? समुद्राकडेच पाहणारे. विमान किनारा ओलांडून आत आले, की आंधळे. खालून, पाण्याला चिकटून आलेले विमान त्यांना दिसत नसे. त्यासाठी वेगळी केंद्रे उभारावी लागली. अंतर बरोबर कळे, दिशा मात्र अदमासे, आणि उंची तर त्याहून अदमासे. एकाच टोळीची वर्दी तीन केंद्रे देत आणि ती तीन टोळ्यांसारखी भासे.

म्हणजे यंत्र आले आणि प्रश्न सुटला, असे मुळीच झाले नाही. यंत्राने उलट नवा प्रश्न निर्माण केला: इतके सगळे अर्धवट ज्ञान घेऊन करायचे काय? डाउडिंग आणि त्याच्या माणसांचे मोठेपण मला या प्रश्नाच्या उत्तरात दिसते. किनारी केंद्रावरच्या मुलीने पडद्यावर ठिपका पाहायचा आणि टेलिफोनवर आकडे सांगायचे. ते आकडे स्टॅनमोरजवळच्या बेंटली प्रायरी या जुन्या वाड्यात पोचत. तेथील फिल्टर रूममध्ये मोठ्या नकाशावर दोन केंद्रांनी दिलेली अंतरे एकमेकांना छेदून ठिपका पक्का करायचा, तिघांची एक टोळी करायची, आपली विमाने वगळायची. गाळून आलेली बातमी मग शेजारच्या कक्षात, तेथून विभागाच्या नकाशावर, तेथून विमानतळावर. आत शिरलेल्या विमानांसाठी टेकड्यांवर नि गच्च्यांवर ऑब्झर्व्हर कोअरचे स्वयंसेवक होते. एक हजार ठाणी, तीस हजार माणसे. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, कोणी माळी. डोळे, कान आणि टेलिफोन एवढेच त्यांचे शस्त्र.

या टेबलांवरची एक युक्ती मला विशेष आवडली. भिंतीवरच्या घड्याळाचे पाच-पाच मिनिटांचे भाग तांबड्या, पिवळ्या आणि निळ्या रंगांत रंगवलेले असत. वर्दी आली त्या वेळी काटा ज्या रंगात असेल, त्या रंगाची सोंगटी नकाशावर मांडायची. वर गॅलरीत बसलेल्या अधिकाऱ्याला एका नजरेत कळे, की कोणती बातमी ताजी आणि कोणती शिळी. बातमी शिळी होते हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण तिला शिळेपणाचा रंग लावावा हे सुचायला वेगळी बुद्धी लागते.

आणि भाषा! १९३६ साली बिगिन हिल येथे आपल्या विमानाने शत्रूला गाठावे कसे याचे प्रयोग झाले. किचकट गणिते करण्याऐवजी हेन्री टिझर्ड यांनी शाळेतला समद्विभुज त्रिकोण डोळ्याने अजमावा, असे सांगितले आणि ते जमले. पण तो कोन वैमानिकाला सांगायचा कसा? आकाशात इंजिनाचा गोंगाट, रेडिओत खरखर. म्हणून दलाने स्वतःची छोटी बोली तयार केली. ‘एंजल्स’ म्हणजे हजार फूट उंची, ‘व्हेक्टर’ म्हणजे दिशा, ‘बँडिट’ म्हणजे शत्रू, ‘पॅनकेक’ म्हणजे उतरा. पंधरा हजार फुटांवर जा, हे ‘एंजल्स वन फाइव्ह’. ‘फिफ्टीन’ म्हणायचे नाही, कारण खरखरीत ते ‘फिफ्टी’ ऐकू येईल.

हे वाचले आणि मी एकदम आजीकडे गेले. माझी आजी, आईची आई, ठाणे जिल्ह्यात तालुक्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दोऱ्या खुपसून लाइन जोडण्याचा तो काळ. ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग असे ट्रंक कॉलचे प्रकार ती अजून धडाधड सांगते. मी तिला ‘फिफ्टीन-फिफ्टी’ची गंमत सांगितली, तर ती म्हणाली, “त्यात काय? आम्ही नंबर कधी ‘एकोणसाठ’ म्हणून घेतच नव्हतो. ‘पाच नऊ’ म्हणायचं. ‘एकोणसाठ’ला कुणी एकोणसत्तर ऐकतो, कुणी पाच नऊ लिहायचं तर सहा नऊ लिहितो. आणि घेतलेला नंबर परत म्हणून दाखवायचा. समोरचा चिडला तरी.”

मराठीत हा घोटाळा इंग्रजीहून मोठा आहे, हे मला तेव्हा लक्षात आले. आपले पंचवीस आधी पाच म्हणते, मग वीस. एकोणसाठ तर साठाच्या घरात उभे राहून एक कमी मागते. हे आकडे बाजारहाटाला, वयाला आणि लग्नपत्रिकेच्या मुहूर्ताला गोड. पण घाईत तारेवरून पाठवायला वाईट. तालुक्याच्या एक्स्चेंजमधल्या बायकांनी हे कोणाच्या शिकवणीवाचून ओळखले होते.

निरोप चुकला तर काय होते, त्याचा दाखला युद्धाच्या चौथ्याच दिवशी मिळाला. ६ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी शत्रू आल्याची चुकीची वर्दी गेली. ती तपासायला हरिकेन विमाने उडाली, आणि यंत्रणेने त्यांनाच शत्रू समजून त्यांच्यावर स्पिटफायर सोडली. दोन हरिकेन पडली. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा सव्वीस वर्षांचा वैमानिक आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी मेला. त्या युद्धात बळी पडलेला फायटर कमांडचा तो पहिला वैमानिक. गोळ्या झाडणाऱ्या दोघांवर खटला चालला, ते निर्दोष सुटले. आणि ते योग्यच झाले, कारण त्यांना जे सांगितले ते त्यांनी केले. या घटनेला पुढे ‘बार्किंग क्रीकची लढाई’ असे थट्टेचे नाव पडले. मला ती थट्टा आवडत नाही. मात्र यंत्रणा झाकपाक करून तशीच चालू ठेवली नाही, हेही खरे. आपली विमाने पडद्यावर ओळखू यावीत म्हणून त्यांत बसवायच्या उपकरणाचे काम त्यानंतर घाईने पुढे नेण्यात आले.

यावर कोणी विचारील, की जर्मनांकडे रडार नव्हते काय? होते, आणि काही बाबतींत इंग्रजांपेक्षा सरस होते. त्यांचे ‘फ्राया’ यंत्र आखूड लहरींवर चाले आणि सहज हलवता येई. उलट इंग्रजांचे मनोरे इतके लांब लहरींवर चालत, की १९३९ च्या उन्हाळ्यात ‘ग्राफ झेपेलिन’ हे हवाई जहाज उपकरणे भरून इंग्लंडच्या किनाऱ्याने हेरगिरीला फिरले, तरी हे रडार आहे, अशी त्यातल्या तज्ज्ञांची खात्रीच पटली नाही. शेजारणीची चूल आपल्यासारखी नाही म्हणून तिच्याकडे स्वयंपाकच होत नाही, असे मानण्यापैकी ते झाले. चांगले यंत्र जर्मनांनी बांधले. ठिपका पाहणाऱ्यापासून वैमानिकाच्या कानापर्यंतची अखंड साखळी त्या वेळी फक्त इंग्लंडने बांधली होती.

१९४० च्या जुलैत फ्रान्स पडलेला, डोव्हरची सामुद्रधुनी विमानाला सहा मिनिटांची, आणि डाउडिंगजवळ उडण्याजोगी लढाऊ विमाने सातशेच्या आसपास. इतक्या थोड्या विमानांनी सगळ्या आकाशात गस्त घालणे शक्यच नव्हते. ती जमिनीवर थांबून राहू शकली, कारण कधी आणि कोठे उडायचे हे कोणीतरी सांगणार होते. १२ ऑगस्टला किनाऱ्यावरच्या रडार केंद्रांवर हल्ले झाले. व्हेंटनरचे केंद्र निकामी झाले. जाळीदार मनोऱ्यांतून स्फोटाचा दाब आरपार निघून जाई, त्यामुळे मनोरे सहसा पडत नसत. मनोरे उभेच आहेत हे पाहून, या हल्ल्यांत अर्थ नाही, असे गोअरिंगने तीन दिवसांत ठरवून टाकले. पुढे तुरळक हल्ले झाले, पण नेट धरला नाही.

त्या तुरळकांपैकी एक १८ ऑगस्टचा, ससेक्समधील पोलिंगवरचा. रविवार होता. एव्हिस हर्न नावाची कॉर्पोरल, हवाई दलाच्या महिला शाखेतली, केंद्रावर टेलिफोनपाशी बसली होती. शेजारच्या ट्रूली हिल केंद्राकडून आकडे घ्यायचे आणि स्टॅनमोरला द्यायचे, हे तिचे काम. आसरा घ्या, असा हुकूम आला. पण त्याच वेळी तारेवरून येणारे आकडे थांबेनात. फार मोठी टोळी येत होती, आणि आकडे सांगत होते, की ती पोलिंगवरच येते आहे. म्हणजे आपल्या डोक्यावर पडणाऱ्या बॉम्बची वर्दी ती स्वतःच आकड्यांत पुढे पाठवीत होती. बॉम्ब पडू लागले, खिडक्या फुटल्या, तारा तुटल्या, तोवर ती आकडे देत राहिली. तिला पुढे मिलिटरी मेडल मिळाले.

हे मी आजीला वाचून दाखवले. तिला मेडलचे काही वाटले नाही. ती म्हणाली, “आकडे येत असताना उठता येतच नाही, बाई. अर्धा नंबर सोडून कोण उठतं?” मग थोड्या वेळाने तिने विचारले, “आपल्याकडे होतं का गं असं काही?”

आपल्याकडची कथा वेगळी आणि जरा वेदनेची आहे. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळ चार वापिटी विमानांनिशी त्याची पहिली तुकडी उभी राहिली. दल वाढत गेले, महायुद्धात ब्रह्मदेशात लढले; पण साऱ्या देशाच्या आकाशावर नजर ठेवणारे जाळे आपल्याजवळ नव्हते. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले तेव्हा आपण लढाऊ विमाने वापरलीच नाहीत, आणि शत्रूने उलट कलकत्त्यावर बॉम्ब टाकले तर, ही धास्ती त्यामागे होती. १९ नोव्हेंबर १९६२ रोजी पंडित नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना पत्र लिहून लढाऊ विमानांची बारा स्क्वाड्रन मागितली, रडार मागितले, आणि ते रडार चालवायला माणसेसुद्धा मागितली. अलिप्ततेच्या शिल्पकाराला असे पत्र लिहिताना काय वाटले असेल? मला त्यात ‘माणसे’ हा शब्द सर्वांत बोचतो. यंत्र उसने आणता येते; पण त्याच्यापुढे बसणारी माणसेही उसनी आणावी लागणे ही गोष्ट निराळी.

त्यानंतर पंचेचाळीस स्क्वाड्रनचे उद्दिष्ट ठरले, आपल्या नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना आला, रडारकेंद्रे आली. तरी ६ सप्टेंबर १९६५ च्या संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमाने अगदी खालून आली आणि पठाणकोटच्या तळावर उभी असलेली आपली विमाने त्यांनी जाळली. इंग्लंडच्या मनोऱ्यांना जे दिसत नव्हते तेच आपल्यालाही दिसले नाही. पुढच्या सहा वर्षांत विमानांसाठी भक्कम निवारे बांधले गेले. सीमेलगत दुर्बीण आणि वायरलेस घेऊन बसणाऱ्या हवाई दलाच्या माणसांची ठाणी उपयोगात आली. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने एकाच वेळी आपल्या अनेक तळांवर हल्ले केले, तेव्हा धावपट्ट्यांवर खड्डे पडले, पण निवाऱ्यांतली विमाने जवळजवळ सगळी शाबूत राहिली आणि त्याच रात्री आपली विमाने उलट हल्ल्याला उडाली.

“तीन डिसेंबर,” आजी म्हणाली. “माझी रात्रपाळी होती.”

एवढे मला ठाऊक नव्हते. एक्स्चेंजच्या काचांना काळे कागद लावलेले, बोर्डावर एकच दिवा, त्यालाही कागदाची टोपी. खेळता येईल इतकी मोकळी असणारी लाइन त्या रात्री क्षणभर रिकामी नव्हती. एकामागून एक लायटनिंग कॉल, मुंबई, पुणे, नाशिक. “काय बोलत होते गं?” मी विचारले. तिने माझ्याकडे असे पाहिले, की मी काहीतरी अचकट विचारले आहे.

“ऐकायचं नसतं,” ती म्हणाली. “दोन्हीकडून ‘हॅलो’ आलं, की आपण बाजूला व्हायचं.”